घरातून ऑनलाइन उपासना: तयारी शनिवारपासून

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनमध्ये रविवार सगळ्यांच्या सुटीचा नसतो. इथला सिमेंट कारखाना २०२२ पासून सुरू आहे, आणि एकदा पेटलेली भट्टी वार बघून विझवता येत नाही. आसपासच्या कोळसा खाणींचंही तेच. माणसं पाळीवर जातात, पाळीवरून येतात. त्यात ख्रिस्ती घरं विखुरलेली. कोणाची मंडळी वणीला, कोणाची पांढरकवड्याला, कोणाची थेट यवतमाळला. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाने आंघोळ करून, गाडी पकडून नऊ-दहाच्या उपासनेला पोहोचायचं म्हणजे झोपेचा विचारच सोडायचा. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या आईला मोटरसायकलच्या मागे बसवून नेणं तर त्याहून कठीण. अशा घरांसाठी मोबाइलवरून येणारी उपासना फार मोठी सोय आहे. मात्र ती नीट पदरात पडावी असं वाटत असेल तर आधी थोडी तयारी करावी लागते. देवळात ही तयारी आपल्यासाठी दुसरं कोणीतरी करत असतं: झाडलोट, सतरंज्या, घंटा, पेटी, गीतांचे क्रमांक. घरी ते सगळं आपल्याकडे येतं.

या सोयीची ओळख आपल्याकडे बहुतेकांना २०२० मध्येच झाली. करोनाच्या साथीमुळे २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. त्या वर्षी झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला, उत्तम शुक्रवार १० एप्रिलला आणि पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलला होता. म्हणजे ख्रिस्ती वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा कुलूपबंद देवळांच्या बाहेर गेला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं त्या वर्षी १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी परत उघडली. या काळात जे पाळक कधी कॅमेऱ्याकडे बघून बोलले नव्हते ते मोबाइल स्टूलवर टेकवून संदेश देऊ लागले. साथ गेली तरी अनेक मंडळ्यांनी हे थेट प्रक्षेपण चालू ठेवलं, आणि ते बरंच झालं.

जे हजर राहू शकत नाहीत त्यांच्यापर्यंत उपासना पोहोचवण्याची धडपड मंडळीइतकीच जुनी आहे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम आहे. पौलाची काही पत्रं तुरुंगातून निघत आणि एका गावची मंडळी वाचून झाल्यावर दुसऱ्या गावी धाडत असे. इसवी सन १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टरने रविवारच्या सभेचं जे वर्णन लिहून ठेवलं आहे, त्यात जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक प्रभुभोजनातला वाटा घेऊन जात असं स्पष्ट म्हटलं आहे. यंत्राने पोहोचलेली उपासना मात्र शंभर वर्षांपूर्वीची. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेत पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी चर्चमधून केडीकेए या रेडिओ केंद्राने उपासना प्रक्षेपित केली. त्या वेळी यंत्र सांभाळणाऱ्या दोन तंत्रज्ञांना गायकवृंदाचे झगे घालून बसवलं होतं असं सांगतात, म्हणजे मंडळीचं लक्ष विचलित होऊ नये. दोन वर्षांनी लंडनमध्ये उलटी काळजी पुढे आली. ड्यूक ऑफ यॉर्कचा विवाह रेडिओवर ऐकवायला वेस्टमिन्स्टर ॲबीच्या धर्मगुरूंनी नकार दिला. लोक गुत्त्यात बसून, डोक्यावरची टोपीही न काढता ऐकतील अशी त्यांना धास्ती होती. ती धास्ती मला आजही खोटी वाटत नाही. अंथरुणात पडून, एका हाताने चहा पीत, दुसऱ्या हाताने व्हॉट्सॲप चाळत उपासना ‘लावून ठेवता’ येते. म्हणूनच तयारीचा मुद्दा.

सुरुवात शनिवारी, एका साध्या प्रश्नापासून: आपली मंडळी उपासना दाखवते कशावर? यूट्यूब किंवा फेसबुकवर असेल तर ती एका दिशेची. तिकडचं इकडे येतं, आपला आवाज तिकडे जात नाही. झूम किंवा गूगल मीटवर असेल तर ती दोन दिशांची, म्हणजे आपण दिसतो, ऐकू जातो, आपल्याला शास्त्रपाठ वाचायलाही सांगितलं जाऊ शकतं. दोन्हींची तयारी वेगळी. यूट्यूबवर मंडळीचं चॅनेल आधीच शोधून सबस्क्राइब करून ठेवा, कारण सारख्या नावांची चॅनेलं खूप असतात आणि रविवारी सकाळी घाईत भलतंच काहीतरी उघडतं. झूमची लिंक मंडळीच्या ग्रुपवर शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडली जाते. ती शनिवारी रात्रीच शोधून, स्वतःलाच पाठवून वर आणून ठेवा. आणखी एक गोष्ट बघून घ्या. झूममध्ये पडद्यावर तुमचं नाव काय दिसतं? पुष्कळदा तिथे मोबाइलच्या मॉडेलचं नाव असतं. पाळकांना समोर तीन ‘रेडमी’ आणि दोन ‘गॅलेक्सी’ दिसतात, आणि आत घेऊ की नको ते त्यांना कळत नाही. तिथे आपलं नाव आणि गाव मराठीत लिहा. पाळकांना ‘मुकुटबन’ वाचून जो आनंद होतो तो वेगळाच.

झूमची फुकटची सभा चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडते, गूगल मीटची साठ मिनिटांनी. मंडळीने पैसे भरून सेवा घेतली नसेल तर संदेश ऐन रंगात असताना पडदा काळा होईल. घाबरू नका, त्याच लिंकवर परत जा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधी सांगून ठेवलं की ‘आपलंच काहीतरी बिघडलं’ म्हणून ते मोबाइल बाजूला ठेवत नाहीत.

आता डेटा. यूट्यूब ४८० च्या दर्जावर तासाला साधारण अर्धा जीबी खातं. १४४ वर उतरवलं तर शंभर एमबीच्या आसपास भागतं. झूमवर व्हिडिओ सुरू ठेवून मोठ्या सभेत बसलात तर तासाला पाऊण ते एक जीबी धरा. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये उपासना आरामात बसते, पण सकाळीच मुलांनी त्यातला जीबीभर कार्टूनवर घालवला असेल तर नाही. दिवसाचा कोटा संपला की कंपन्या वेग सेकंदाला चौसष्ट किलोबिटवर आणतात, आणि त्यावर चित्र सरकत नाही. नेटवर्क मुळातच अशक्त असेल तर ‘ऑटो’वर भरवसा ठेवू नका. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये दर्जा आपण होऊन खाली आणा. झूमवर आपला कॅमेरा बंद करा. उपासनेत चित्रापेक्षा आवाज अखंड राहणं महत्त्वाचं. पाळकांचा चेहरा धूसर दिसला तरी संदेश कळतो, वाक्यं तुटली तर काहीच हाती लागत नाही.

ज्यांच्याकडे बटणांचाच फोन आहे त्यांनाही बाहेर राहायचं कारण नाही. साध्या कॉन्फरन्स कॉलमध्ये आपण सोडून पाच जण जोडता येतात. घरातल्या मोबाइलवर उपासना लावा, दुसऱ्या फोनवरून मावशी, आजी, वणीच्या काकू यांना कॉलवर घ्या आणि तो फोन स्पीकरजवळ ठेवा. आवाज काही काचेसारखा स्वच्छ जाणार नाही. पण आजीला गीत ओळखू येतं आणि ती पलीकडून गायला लागते, एवढं पुरतं.

जागेचा विचार करताना आधी पाठीमागची खिडकी टाळा, नाहीतर झूमवर तुमची फक्त काळी आकृती दिसेल. उजेड समोरून असू द्या. मोबाइल हातात धरू नका. तासभर हात टिकत नाही, आणि हातातल्या फोनवर अंगठा आपोआप फिरतो. डब्याला टेकवून, आडवा, बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल असा ठेवा. सोय असेल तर टीव्हीला जोडा, म्हणजे पाच-सहा जण एका मोबाइलवर वाकून बसणार नाहीत. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. एक फोन आला की बऱ्याच मोबाइलवर उपासनेचा आवाज थांबतो आणि आशीर्वादाच्या ऐवजी रिंगटोन वाजते. बॅटरी रात्रीच पूर्ण भरा. वीज जाण्याचा अनुभव असेल तर वायफायच्या राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेऊन ठेवावा. तो नसेल तर वीज गेल्यावर मोबाइलचा डेटा सुरू करायचा हे एकाला नेमून द्या.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे आणखी एक अडचण असते. पारा पंचेचाळिशीला टेकतो, मोबाइल तापतो, आणि तापलेला मोबाइल पडदा मंद करतो, कधी चार्जिंगच थांबवतो. कव्हर काढा, उन्हाच्या तिरिपेत ठेवू नका, आणि उपासना चालू असताना चार्जिंगला लावू नका. उरतो कूलर. विदर्भात मे महिन्यात कूलर बंद करा असं कोणी सांगणार नाही. पण त्याच कूलरमुळे आवाजाचा खेळखंडोबा होतो, आणि तो का होतो हे समजून घेतलं की गाण्याचं कोडंही सुटतं.

झूम, मीट यांसारखी ॲप मुळात माणसांच्या बोलण्यासाठी बनवलेली आहेत. त्यांच्यातलं सॉफ्टवेअर सतत ऐकत असतं आणि ठरवत असतं की बोलणं कोणतं आणि गोंगाट कोणता. बोलणं चढतं, उतरतं, मध्ये थांबतं. पंखा, कूलर, बाहेर उभ्या ट्रकचं इंजिन एकसुरी चालू राहतं. म्हणून एकसुरी आवाज आला की सॉफ्टवेअर तो दाबतं. आता पेटीचा धरून ठेवलेला सूर घ्या. तोही एकसुरी! सॉफ्टवेअरला पेटी आणि कूलर यांतला फरक कळत नाही, त्यामुळे गीत सुरू झालं की पेटी मध्येच गायब होते, परत येते, पाण्याखालून आल्यासारखी वाटते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे; जिथून पेटी वाजते तिथल्या माणसाने ती सुरू केली की ही काटछाट थांबते. ऐकणाऱ्याने ती सुरू करायची गरज नाही. त्याने आपला माइक बंद ठेवावा, म्हणजे त्याच्या घरचा कूलर सगळ्या मंडळीला ऐकू जाणार नाही.

माइक बंद ठेवायला सांगितलं की पुष्कळांना वाईट वाटतं. ‘आम्ही गायचंच नाही का?’ गायचं, मोकळ्या गळ्याने गायचं. पण माइक बंद ठेवूनच, कारण नेटवर एकत्र गाणं होतच नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. पंधरा मीटर लांबीच्या देवळात पुढच्या पेटीचा सूर शेवटच्या ओळीपर्यंत जायला सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो, म्हणून सगळे एका तालात राहतात. झूमवर तोच सूर आधी आकड्यांत बदलतो, टॉवर, केबल, दूरचा सर्व्हर असा फिरून येतो आणि पुन्हा आवाज होतो. यात पाव सेकंद सहज जातो. तुम्ही ऐकलेल्या सुरावर अगदी अचूक गायलात तरी तुमचा आवाज पलीकडे पोहोचायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. पेटीवाल्याला तुम्ही अर्धा सेकंद मागे ऐकू येता. तो तुमच्यासाठी थांबतो, तुम्ही त्याच्यासाठी थांबता, आणि दोन कडव्यांत गीत रांगायला लागतं. वीस घरं असतील तर वीस वेगवेगळे उशीर. त्यातच ॲप एका वेळी एकाच आवाजाला पुढे करतं आणि बाकीचे दाबतं. आळीपाळीने वाचायचं स्तोत्र आणि सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रभूची प्रार्थना यांनाही हाच नियम लागतो. एकाने माइकवरून चालवायचं, बाकीच्यांनी आपापल्या घरी मोठ्याने म्हणायचं. पलीकडे ऐकू जात नसलं तरी तुमच्या घरच्या भिंतींना, लेकरांना आणि देवाला ते ऐकू जातं.

यूट्यूबचा उशीर वेगळाच असतो: दहा सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत, कधी त्याहून जास्त. तो प्रत्येक मोबाइलवर निराळा. म्हणून एका घरात दोन खोल्यांत दोन मोबाइल लावू नका. एकीकडे आमेन होऊन जातं तेव्हा दुसरीकडे प्रार्थना चालू असते. मध्येच चित्र अडकून परत सुरू झालं तर तुम्ही तेवढे मागे राहता. पडद्यावर ‘लाइव्ह’ असं लिहिलेलं असतं, त्यावर बोट ठेवलं की मंडळीच्या बरोबर येता.

‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हाताशी ठेवा, छापीलच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी गीतं त्यात आहेत, आणि ती मराठी ख्रिस्ती माणसाला निम्मीअधिक पाठ असतात. तरी तिसऱ्या कडव्याला अडखळायला होतंच. पडद्यावर येणारे शब्द लहान मोबाइलवर वाचता येत नाहीत, आणि त्याच मोबाइलवर गीताचं ॲप उघडायला गेलात तर उपासना मागे पडते. पवित्र शास्त्राचंही तसंच. ॲपमधून वाचायचं असेल तर दुसऱ्या फोनवर, आणि मंडळीत जे भाषांतर वाचलं जातं तेच निवडून. मराठीत एकाहून जास्त भाषांतरं आहेत. आळीपाळीने वाचताना शब्द जुळले नाहीत की मुलं गोंधळतात. शास्त्रपाठ कोणते आहेत ते पाळकांना शनिवारीच विचारून घ्या आणि पुस्तकात खुणेच्या पट्ट्या घालून ठेवा. एक पाठ घरातल्या मुलाला वाचायला द्या. ज्याच्याकडे काम असतं ते मूल मध्येच उठून जात नाही, हे शब्बाथ शाळा चालवणाऱ्या कोणत्याही बाई सांगतील.

कपडे रविवारचेच घाला. उभं राहायच्या ठिकाणी उभे राहा, गुडघे टेकायचे तिथे टेका. घरात कोणी बघत नाही म्हणून हे सुटतं, आणि हे सुटलं की बाकीचंही सुटत जातं. कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहत असाल तर शेजारी कोणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं, त्या भिंतीकडे स्पीकर लावू नका.

प्रभुभोजनाचा प्रश्न नाजूक आहे, आणि त्याचं उत्तर सगळ्यांसाठी एक नाही. काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी साथीच्या काळात घरोघरी भाकर आणि द्राक्षरस तयार ठेवायला सांगितलं, पाळकांनी पडद्यावरून प्रार्थना केली आणि सगळ्यांनी घेतलं. काहींनी ते मान्य केलं नाही. एकत्र जमू तेव्हाच घेऊ असं ठरवलं. कॅथोलिक घरांसाठी नियम स्पष्ट आहे. यवतमाळ जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो; तिथला मिस्सा थेट बघता येतो, पण ख्रिस्तशरीर घरी बसून मिळत नाही, त्याऐवजी आत्मिक रीतीने ते स्वीकारण्याची प्रार्थना म्हणतात. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांचा रोजचा मिस्सा ९ मार्चपासून १८ मेपर्यंत थेट दाखवला गेला, आणि त्याच दिवसांत त्यांनी पडद्यावरची मंडळी म्हणजे खरी मंडळी नव्हे असंही बजावलं. मला वाटतं, आपल्या मनाने काही करण्याआधी आपल्या पाळकांना किंवा फादरांना विचारावं. घरी अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर ‘घरी येऊन प्रभुभोजन द्याल का’ असं सरळ विचारा. जस्टिनच्या काळात ते होत होतं, आजही होतं.

अर्पणाचं पाकीट बाजूला काढून ठेवा आणि पुढे कोणी वणीला जाईल त्याच्याकडे द्या. ऑनलाइन पाठवणार असाल तर मंडळीच्या खजिनदारांकडून फोनवर क्यूआर कोड मागवा. थेट प्रक्षेपणाच्या खाली चॅटमध्ये कोणीही कोणताही कोड टाकू शकतो. कोड स्कॅन केल्यावर खातेदाराचं नाव दिसतं, ते मंडळीचं किंवा ट्रस्टचंच आहे ना ते बघूनच पिन टाका. आणि पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तसं सांगणारा माणूस फसवतो आहे.

प्रार्थनेची विनंती करताना जपा. देवळात कुजबुजून सांगितलेली गोष्ट तिथेच राहते, यूट्यूबच्या चॅटमध्ये लिहिलेली जगभर दिसते. ‘आमच्या घरी आजारपण आहे’ एवढं पुरे. आजाराचं नाव, सुनेचं नाव, दवाखान्याचं नाव नको. बाकी पाळकांना फोनवर सांगा.

परदेशातल्या मुलाच्या मंडळीत सामील व्हायचं असेल तर घड्याळ तपासा. न्यूयॉर्कमधली सकाळी दहाची उपासना आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला असते आणि थंडीत साडेआठला, कारण तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. नेमका रविवारच, त्यामुळे वर्षातून दोनदा इकडचे आईवडील तासभर चुकतात.

एवढं करूनही कधी नेटवर्क जाईल. त्यासाठी एका कागदावर उपासनेचा क्रम लिहून पुस्तकात ठेवा: गीत, पापांगीकार, शास्त्रपाठ, संदेश, मध्यस्थीची प्रार्थना, अर्पण, प्रभूची प्रार्थना. पाच मिनिटं वाट बघा. नाही आलं तर मोबाइल पालथा ठेवून जिथे तुटलं तिथून पुढे घरच्यांनी चालवा. दोघे-तिघे असले तरी पुरतात, मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तेवढ्याच संख्येला वचन आहे. संदेश राहिला असेल तर तो संध्याकाळी चॅनेलवर सापडतो. मग दुपारी पाळकांना फोन करून सांगा की आम्ही इतक्या वाजता तुटलो, पुढचं घरी पूर्ण केलं. आणि कॉलवर जोडलेल्या आजीला विचारा, तिला कुठपर्यंत ऐकू आलं.